आमची वाटचाल: सगळा डाव एकाच बॉक्समध्ये

खेळायला जे लागतं ते सगळं एकाच बॉक्समध्ये, हा नियम आम्ही पत्त्यांच्या खेळांची कंपनी काढतानाच ठरवला. सीलबंद पाकिटं नाहीत, दुर्मीळ पानं नाहीत, बाजारात भाव चढलेलं एखादं पान शोधत फिरणं नाही.

आम्ही दोघं भागीदार, आणि दोघंही ‘मॅजिक: द गॅदरिंग’ खेळत मोठे झालो. १९९३ साली रिचर्ड गारफिल्डच्या या खेळानं पत्ते विकायची रीतच पालटली. ज्यानं त्यानं आपल्या संग्रहातून ६० पानांचा डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, बांधून आणायचा, आणि संग्रह वाढवायचा तर आत कुठली पानं निघतील ते माहीत नसलेली पाकिटं फोडत राहायची. डेक बांधण्यात जी मजा आहे तिला तोड नाही. कुठलं पान घ्यायचं, कुठलं गाळायचं, कशाचं कशाशी जमेल, यात तासन् तास जातात. पण समोरच्या भिडूनं जास्त पैसे ओतले असतील तर डोकं लढवून लढवून किती लढवणार? मजा ठेवायची आणि संग्रहाची भानगड काढून टाकायची, एवढंच आम्हाला करायचं होतं.

वाट आधीच पडलेली होती. २००८ साली डोनाल्ड एक्स. व्हॅकारिनोच्या ‘डोमिनियन’नं डेक बांधणं हाच डाव करून टाकला. सगळ्यांची सुरुवात त्याच दहा पानांनी: सात तांब्याची नाणी, तीन जहागिरी (शेवटी गुण देणारी पानं). हातात पाच पानं. नाणी टाकून टेबलावरच्या ढिगातलं पान विकत घ्यायचं, ते आपल्या टाकलेल्या पानांत जातं, आणि डेक संपला की सगळं पिसून पुन्हा आपल्याच हाती येतं. पहिल्या आवृत्तीच्या बॉक्समध्ये नाणी-जहागिरींसारखी नेहमीची पानं सोडून पानांचे २५ प्रकार, त्यातले दर डावाला दहाच. म्हणजे ३२ लाखांहून जास्त वेगवेगळी टेबलं मांडता येतात. पुढे २०१४ मध्ये ‘स्टार रेल्म्स’नं हेच दोघांसाठी १२८ पानांत बसवलं. तो छोटासा बॉक्स पाहिला आणि आमच्यासारख्यांनाही हे परवडेल असं वाटलं.

आमचा पहिला खेळ १०८ पानांचा. हा आकडा आम्ही नाही, छपाईनं ठरवला. आमच्या प्रेसमध्ये एका शीटवर ५४ पानं बसतात, आणि एक जास्तीचं पान म्हणजे एक जास्तीचं शीट. कागदात मात्र आम्ही काटकसर केली नाही. मधोमध काळा थर असलेला कागद घेतला, म्हणजे उजेडात धरलं तरी पानातून आरपार दिसत नाही. हे पत्ते एका डावात अनेकदा पिसले जातात, स्वस्त कागदाच्या कडा लगेच उलतात.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला ‘गाळणी’ या पानानं. ते खेळलं की हातातलं एक पान डावातून कायमचं बाद करता येतं. दिसायला हे नुकसान. पण दहा पानांच्या डेकमध्ये आपलं चांगलं पान दर दोन टर्नमधून एकदा येतं. चार फालतू पानं गाळा, राहिली सहा, आणि त्यातली पाच दर वेळी हातात. चाचणीत ज्याला हे उमगलं तो जिंकतच सुटला. शेवटी आम्ही गाळलेल्या प्रत्येक पानामागे समोरच्याला पुढच्या टर्नला एक नाणं जादा दिलं, तेव्हा कुठे चुरस आली. पाकिटांच्या खेळात एखादं पान फार माजलं तर त्यावर बंदी घालता येते, नवा संच आणून तोल सावरता येतो. आमचं पान एकदा छापलं की छापलं. जिंकायची एकच हमखास युक्ती सापडली तर तो बॉक्स माळ्यावर जातो.

धंद्याचं अवघड गणितही यातच आहे. गिऱ्हाईक एकदाच घेतं. आमचे हिशेबनीस दर वर्षी विचारतात, “एक्स्पान्शन (जुन्या खेळात मिसळायची नवी पानं) का नाही काढत?” एक कारण अगदी साधं आहे. दोन लॉटच्या छपाईत पाठीच्या रंगाची छटा किंचित हलते. प्रेसवाले म्हणतात, कोणाच्या लक्षात येणार नाही. पत्ते खेळणाऱ्याच्या येतं! डेकच्या वरचं पान नवं आहे की जुनं हे उलटायच्या आधीच कळलं तर खेळायचं काय? दुसरं कारण म्हणजे, ठरावीक पानांचे पॅक एकामागून एक काढायचा मार्ग मोठ्या कंपन्यांनी चालवून पाहिलाय. त्यात नशिबाचा भाग नसतो हे खरं, पण उशिरा आलेल्याला मागचं सगळं विकत घ्यावं लागतं. म्हणून आम्ही दर वेळी नवा, स्वतंत्र खेळच काढतो. वितरक कुरकुरतात, कारण मालिका विकणं त्यांना सोपं जातं.

तिसरा खेळ आता टेबलावर आहे. सगळ्यांनी मिळून एका शत्रूशी लढायचं. यात पत्ते पिसायचेच नाहीत. २०१६ च्या ‘इऑन्स एंड’ या खेळानं दाखवून दिल्याप्रमाणे टाकलेला ढीग तसाच उलटायचा, त्यामुळे पानं कुठल्या क्रमानं टाकली यालाही महत्त्व येतं. सध्या १६५ पानं झाली आहेत आणि शीटं तीन, म्हणजे जागा १६२ ची. कुठली तीन काढायची याची भागीदाराची यादी वेगळी आहे, माझी वेगळी.