सायकलच्या लाइटचे रिव्ह्यू आणि माझा दीडशे रुपयांचा स्टार

तीनशेची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची ठरवली तेव्हा पहिला प्रश्न लाइटचा. 300 किमीला 20 तास मिळतात, म्हणजे माझ्यासारख्या रमतगमत जाणाऱ्याला रात्र चुकत नाहीच, आणि लाइट तर कंपल्सरी. दोन रात्री मोबाइलवर रिव्ह्यू वाचत बसलो. 4.4 रेटिंग, हजारांवर रिव्ह्यू, किंमत 1299, बॅटरी 9900 एमएएच, बॅकअप म्हणे सहा तास. अजून काय पाहिजे? मागवली.

डब्यात एक कार्ड निघालं. पाच स्टार द्या, स्क्रीनशॉट पाठवा, दीडशे रुपये परत. आता खोटं कशाला बोलू, मी दिले. हॉलमध्येच दिवा बंद करून भिंतीवर उजेड पाडला, आई म्हणाली केवढा उजेड रे, आणि मी लिहून टाकलं "जबरदस्त लाइट, पैसा वसूल".

पंधरा दिवसांनी प्रॅक्टिस म्हणून पहाटे अडीचला कोथरूडहून खंबाटकीकडे निघालो, कात्रजचा बोगदा झाला, खेड शिवापूर गेलं आणि कापूरहोळच्या आसपास लाइट दोनदा लुकलुकली नि गेलीच. जेमतेम दीड तास झाला होता. हायवेला बाजूने ट्रक जातायत, पुढचा खड्डा दिसत नाय, मोबाइलचा टॉर्च दातात धरून (हसू नका) एका हॉटेलपर्यंत सायकल ढकलत नेली आणि उजाडेपर्यंत चहा पीत बसलो.

घरी येऊन तेच रिव्ह्यू परत उघडले, यावेळी दोन-तीन स्टारवाले आधी. सगळं तिथेच होतं हो! "तासाभरात मान टाकते" असं तिघाचौघांनी लिहिलेलं. पाच स्टारवाल्यांचे फोटो बघितले तर निम्मे नुसत्या डब्याचे. आणि एकाने लिहिलेलं, "खूप मऊ आहे, आता बसायला त्रास होत नाही". लाइटवर कोण बसतं? तेव्हा ट्यूब पेटली, आधी त्याच पानावर सीटकव्हर विकत होते, माल बदलला आणि जुने स्टार तसेच ठेवले.

बॅटरी काढून बघितली तर एकच 18650 सेल. 18 मिमी जाड, 65 मिमी लांब, म्हणून ते नाव. चांगल्यातल्या चांगल्या कंपनीच्या सेललासुद्धा साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच मिळतात, 9900 त्यात मावूच शकत नाही. चांगला सेल 45 ग्रॅमच्या आगेमागे भरतो, हा आईच्या किचनच्या काट्यावर 31 भरला. म्हणजे रिव्ह्यू राहू दे, डब्यावरचा एक आकडा नीट वाचला असता तरी कळलं असतं.

ऑनलाइन रिव्ह्यूसाठी बीआयएसने (आयएसआय मार्कवाली सरकारी संस्था) 2022 मध्ये आयएस 19000 नावाचं स्टँडर्ड काढलं, पण ते ऐच्छिक ठेवलं. आणि माझ्यासारख्याचं काय करणार? मी काय भाड्याचा माणूस नव्हतो, गिऱ्हाईक खरं, खरेदी खरी, फक्त लाइट एक रात्रही न वापरता लिहिलं.

तो रिव्ह्यू बदलून एक स्टार केला, कार्डाचा फोटोपण टाकला. तीन आठवडे झाले, अजून "तपासणी सुरू आहे" दाखवतंय. माझे जुने पाच स्टार मात्र तसेच चमकतायत.

नवीन लाइट ग्रुपमधल्या एका काकांना विचारून घेतली, दोन पावसाळे वापरलेली त्यांची बघून. तिचा रिव्ह्यू अजून लिहिला नाही, बीआरएम होऊ दे आधी.