पयलीं आयक

"बाये, तूं मागीर बरय गो, पयलीं आयक." (बाई, तू नंतर लिही गं, आधी ऐक.)

आज गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात फील्डवर्कला गेले होते, तिथल्या आजीने सरळ माझा पेनच धरला. बोटं काजूच्या तेलाने काळी पडलेली. मी वय, घरात कोण कोण, उत्पन्न असं भराभर उतरवून घेत होते आणि ती केव्हाची काहीतरी सांगतेय हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मग वही मिटून ऐकलं. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचा, म्हणजे गोवा सरकारच्या पेन्शनचा, हयातीचा दाखला द्यायचा राहिलाय, वाळपईला जायला सकाळची एक बस, ती चुकली की दुपारपर्यंत काही नाही, गुडघे साथ देत नाहीत, आणि वाड्यावरच्या आणखी तिघींचं पण हेच.

भारतात सोशल वर्कचं शिक्षण 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटांच्या नावाच्या स्कूलने सुरू झालं, हे मला तोंडपाठ आहे. केसवर्क (एका माणसासोबतचं काम), ग्रुपवर्क (गटासोबतचं), कम्युनिटी ऑर्गनायझेशन (अख्ख्या वस्तीसोबतचं), तिन्हींची उत्तरं वेगवेगळी पाठ केलीत. आणि इथे एका ओसरीवर तिन्ही एकत्र. दाखला आजीचा, चौघी मिळून रिक्षा केली तर परवडेल, आणि बस तर अख्ख्या वाड्याचा प्रश्न. बीएसडब्ल्यूत, म्हणजे सोशल वर्कच्या पदवीला, सर जनरलिस्ट, जनरलिस्ट म्हणतात ते आज कळलं खरं.

पेनावर तो काळा डाग अजून आहे, पुसावासा वाटत नाहीये. रिपोर्ट लिहायचाय, पण आधी मंगळवारच्या रिक्षाचं बघते.

तुम्हाला फील्डवर्कमध्ये कुणी असं थांबवलंय का?