आमची वाटचाल : घरगल्लीतून पुलाखाली

मुंबईच्या गिरणगावात वाढलेल्या कुणालाही मोकळ्या जागेचं दुखणं समजावून सांगावं लागत नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. बंद गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश बागा-मैदानांसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये तो नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आवारातल्या आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणी आतून पाहिलेल्यांना ठाऊक आहे, शेडला शेड चिकटलेली असायची. मोकळं असं राहायचं ते चिमणीभोवतीचं आवार आणि गेटजवळचा तुकडा. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल ग्राह्य धरला. गिरण्यांची एकूण जमीन ६०० एकरांच्या घरात होती. तिच्या तिसऱ्या हिश्श्यात किती मैदानं बसली असती याचा हिशोब मी कॉलेजात असताना वहीत केला होता, आणि पडीक जागा बसण्या-खेळण्याजोग्या करून देणारी आमची डिझाइनची फर्म त्या रागातून निघाली.

मैदानं गेली, तेव्हा उरलेल्या जागा पाहायला मी सुरुवात केली. घरगल्ल्या (चाळींमागच्या, मोरीच्या पाइपांच्या अरुंद बोळी), उड्डाणपुलाखालचे पट्टे, नाल्याकाठ, रेल्वेच्या भिंतीलगतची पडीक जागा, सार्वजनिक शौचालयामागचे कोपरे. मुंबईत माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगतात, आणि केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं १० ते १२ चौरस मीटर मागतात. हा फरक नवीन जमीन आणून भरून निघणार नाही. जिथे आज राबिट, म्हणजे बांधकामाचा मलबा नि कचरा, पडलंय तिथेच माणसांना बसता, खेळता आलं पाहिजे, हे आमच्या कामाचं सूत्र पहिल्या दिवसापासून आहे.

पहिलं काम लालबागच्या एका चाळीत मिळालं. चाळीच्या महिला मंडळाच्या काकींनी मला जिन्यातच गाठलं. "तू ते नकाशे काढतेस ना गं? मग आमच्या मागच्या गल्लीचं काय ते बघ. पोरग्यांना कॅरम आहे, मंडळाचं ऑफिस आहे, नाका आहे. आमच्या पोरींनी संध्याकाळी बसायचं कुठे?" ही गल्ली म्हणजे अस्सल घरगल्ली होती. दोन्ही बाजूंनी मोरीचे पाइप, वरच्या मजल्यांवरून टाकलेल्या पिशव्या, आणि टोकाला शौचालयामागे एक चौकोनी तुकडा, जिथे मोडकी कपाटं नि गणपतीच्या मखराच्या फळ्या साठलेल्या. चाळ कमिटीने पैसे द्यायला नकार दिला. काकींनी महिला मंडळाच्या भिशीतून आणि हळदीकुंकवाच्या वर्गणीतून रक्कम उभी केली. अख्खी चाळ हसत होती.

आम्ही आधी पाइप दुरुस्त करून घेतले. गळता पाइप तसाच ठेवून वर कुंड्या टांगणारे डिझायनर मी पुष्कळ पाहिलेत. मग शहाबादी फरशी, एक नळ, दोन दिवे आणि इंग्रजी एल अक्षरासारखा कट्टा. कट्ट्याची पाठ भिंतीला आणि तोंड गल्लीच्या तोंडाकडे, म्हणजे बसणारीला येणारा माणूस दिसतो. मुली कुठे बसतात आणि कुठून उठून जातात हे बघितलं तर याचं कारण सांगावं लागत नाही. पाठीमागून कुणी येऊ शकेल अशा बाकावर संध्याकाळी सातनंतर एकही मुलगी बसत नाही. आमच्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये आजही आधी बसणाऱ्याची नजर आखली जाते, फरशी नंतर.

त्या कामाला लोखंड लावायला मामा आले. मामा गिरणीत फिटर होते. १९८२ च्या संपानंतर बाहेर पडले आणि ग्रिलची, जिन्याच्या कठड्यांची कामं करू लागले. माझ्याकडे तेव्हा एक कॉम्प्युटर आणि एक टेप होता, मामांकडे अख्खी पेटी. गुण्या, ओळंबा, पाणसळ, चार आकाराच्या कानशी आणि लेव्हलची नळी. नळी म्हणजे साधा पारदर्शक पाइप. त्यात पाणी भरून आतला हवेचा बुडबुडा पूर्ण काढायचा, एक टोक खांबावर धरायचं, दुसरं टोक साइटच्या पार शेवटी न्यायचं, पाणी थांबलं की पेन्सिलीची खूण. मामा खूण करण्याआधी नळी दोनदा वर-खाली करून पाणी पुन्हा तिथेच येतं का बघायचे. लेसर लेव्हल आम्हीही घेतली आहे. पण भर दुपारी उन्हात तिचा ठिपका दिसत नाही, आणि शंभराला एक उतार बसलाय की नाही हे मला अजून नळीच सांगते. नवीन मुलांना मी सांगते, आधी महिनाभर नळी धरा, मग माउस धरा.

झोपाळ्याचं मामांचं शास्त्र तर वेगळंच. समुद्राची हवा या शहरात लोखंड खाते, म्हणून पाइप सी क्लासचाच, म्हणजे सगळ्यात जाड, आणि सगळं वेल्डिंग, सगळी भोकं आधी करून मग गरम जस्तात बुडवायचं. जस्त चढवल्यावर साइटवर वेल्डिंग केलं की तिथलं जस्त जळतं आणि पहिल्याच पावसाळ्यात त्या सांध्यातून गंज उतरतो. नट घट्ट केले की बोल्टच्या पुढे आलेल्या आट्या हातोडीने चेपून टाकायच्या, नाहीतर रात्री गर्दुल्ले नट खोलून भंगारात विकतात आणि सकाळी पोर पडतं. कुठल्याही कॅटलॉगमध्ये हे लिहिलेलं नसतं. आयता एफआरपीचा (फायबर-प्लास्टिकचा) सेट आणून चार अँकर मारून जाणाऱ्यांना ते ठाऊकही नसतं.

पुढची काही वर्षं बरी गेली. शाळांची आवारं, दोन व्यायामशाळा, बऱ्याच घरगल्ल्या.

मग आलं उड्डाणपुलाचं काम, आणि ते सविस्तर सांगायलाच हवं, कारण त्याबद्दल आमच्या पाठीमागे बरंच बोललं गेलं.

पुलाखालची जागा काय करू शकते हे २०१६ मध्ये माटुंग्याने दाखवून दिलं होतं. तिथल्या रहिवाशांनी पार्किंग आणि कचऱ्याविरुद्ध पाठपुरावा केला आणि डॉ. आंबेडकर रोडवरच्या पुलाखाली नानालाल मेहता उद्यान उभं राहिलं. सुमारे ६०० मीटरची वाट, नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणं घेत जाणारी. ते काम आमचं नाही, पण मी प्रत्येक ग्राहकाला आधी ते पाहून या म्हणते. त्यानंतर अशा कामांना चांगले दिवस आले आणि मोठ्या कंपन्यांचंही लक्ष इकडे वळलं.

त्यातल्याच एका कंपनीने आम्हाला बोलावलं. पूर्व उपनगरातल्या एका पुलाखालचा पट्टा. मुख्य ठेका त्यांचा, डिझाइन आणि लोखंडी काम आमचं. आम्ही आधी तिथे नुसते बसलो, सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी आणि रात्री. सकाळी बायका चालायला यायच्या. दुपारी हमाल आणि हातगाडीवाले खांबाच्या सावलीत आडवे व्हायचे. संध्याकाळी पोरं चुन्याची फक्की मारून कबड्डी खेळायची, तीही अपुऱ्या जागेत, कारण पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर लागतं आणि दोन खांबांमधलं अंतर रुंदीला कमी पडत होतं. रात्री काही मुलं पुलाच्या दिव्याखाली अभ्यास करायची. म्हणजे जागा पडीक नव्हतीच. चार पाळ्यांत भरलेली होती, आणि आम्ही चारही पाळ्या ड्रॉइंगमध्ये ठेवल्या. मैदान आडवं न टाकता पुलाच्या लांबीच्या दिशेने फिरवलं, तेव्हा ते नीट बसलं. हमालांसाठी रुंद, बिनहाताचे कडप्प्याचे ओटे. उन्हात कडप्पा तापतो, पण पुलाखाली ऊन येतच नाही, तिथे तो भर मे महिन्यात थंड राहतो. मध्यावर पिण्याच्या पाण्याचा नळ. झाडं फक्त सावलीत तगणारी, सिंगोनियम, मनीप्लांट, स्पायडर लिली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुलावरचं पावसाचं पाणी ज्या पाइपांतून खांबाशी उतरतं, तिथे प्रत्येकी एक चेंबर आणि ते सगळे जोडणारी लाइन, थेट पर्जन्यवाहिनीपर्यंत.

प्रेझेंटेशनला त्या कंपनीच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी डीडब्ल्यूजी फाइल, म्हणजे ज्यात कुणीही बदल करू शकतो अशी ड्रॉइंगची मूळ फाइल, मागितली आणि कराराप्रमाणे आम्ही ती दिली. निम्मं लोखंड साइटवर पोचलं, आमचं बिल गेलं, आणि मग फोन उचलणं बंद झालं. आमच्या ड्रॉइंगवर त्यांचा टायटल ब्लॉक, म्हणजे त्यांच्या नावाची चौकट, चढली. ओटे गेले, कारण "तिथे कोण झोपणार, माहीत आहे ना?" असं त्यांच्या माणसाने मामांना तोंडावर सांगितलं. नळ गेला. मातीच्या जागी कृत्रिम गवत आलं आणि खर्च वाचवायला चेंबरची लाइन उडवली. भोवती जाळी, जाळीला कुलूप. उद्घाटन झालं, फोटो छापून आले, कंपनीला त्या कामासाठी पुरस्कारही मिळाला. आमचं नाव कुठेही नव्हतं.

पहिल्या मोठ्या पावसात खांबांशी तळी साचली, गवत उचकटलं आणि कंपनीचं पत्र आलं, डिझाइनमधील दोषामुळे तुमची उर्वरित रक्कम रोखण्यात येत आहे. मंजूर ड्रॉइंगच्या प्रत्येक शीटवर ते चेंबर आहेत. मामांनी घेतलेल्या लेव्हलच्या खुणांचे तारखेसकट फोटो आहेत. आजही कुणाला पाहायचे असतील त्यांनी ऑफिसला येऊन पाहावेत.

जीएसटी येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बिल फाडलं की कर भरायचा, पैसे येवोत न येवोत. बँकेची सीसी लिमिट, म्हणजे उचल घेण्याची मर्यादा, संपलेली, जस्तवाल्याची उधारी, पोरांचे पगार. मी माझ्या पाटल्या गहाण ठेवल्या. दोन ड्राफ्ट्समन सोडून गेले, त्यांना मी दोष देत नाही. घर चालवायचं होतं त्यांनाही. मामांनी मजुरी घेणं बंद केलं. बाहेरून बिल्डिंगच्या गेटांची कामं आणली आणि त्यातून आलेले पैसे माझ्या टेबलावर ठेवले. म्हणाले, "ताई, गिरणी बंद पडली तेव्हा कुणी विचारायला आलं नव्हतं. हे दुकान बंद नाय पडू द्यायचं."

आणि काकी आल्या. चाळीची गच्ची म्हाताऱ्या माणसांना बसण्यासारखी करायची म्हणून त्यांनी चारचौघींना घेऊन पूर्ण रक्कम आगाऊ दिली, ड्रॉइंगही न बघता. त्या गच्चीच्या कामावर आम्ही त्या वर्षीचा गणपती पाहिला. पुढे शेजारच्या चाळींतून आमच्याकडे जी कामं आली, त्यातल्या बहुतेकांना काकींनीच पाठवलं होतं. त्यांनी कधी एक रुपया कमिशन मागितलं नाही, आणि बिलात मी सूट दिली तर रागावून पूर्ण रक्कम भरली.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांनी सरकारची लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी काम घेण्याआधी करावी. सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात ४५ दिवसांच्या आत पैसे देण्याचं बंधन आहे आणि उशीर झाला तर चक्रवाढ व्याजही आहे, पण नंतर केलेली नोंदणी जुन्या बिलाला उपयोगी पडेलच असं नाही. साइटवर झालेलं प्रत्येक माप त्याच दिवशी समोरच्याच्या इंजिनिअरच्या सहीने लिहून घ्या. तो "उद्या करतो" म्हणाला तर तिथेच थांबा. आणि आधीपासून जागेत बसणाऱ्या माणसाला हाकलून बाग करायला सांगणारा ग्राहक असेल तर ते काम घेऊ नका. कुलूप लावलेली जागा सहा महिन्यांत पुन्हा राबिटाची होते. माणसांची ये-जा असलेल्या जागेत कचरा टाकणाऱ्याला चार तोंडं आडवी येतात.

२०२२ मध्ये सेनापती बापट मार्गावरच्या पुलाखाली वन ग्रीन माइल नावाचं सार्वजनिक बसण्या-फिरण्याच्या जागेचं काम झालं. परदेशी आणि इथल्या वास्तुरचनाकारांनी मिळून केलेलं. मी ते दोनदा बघून आले. काम चांगलं आहे, मोकळं आहे, माणसं खरंच बसतात. गिरण्यांच्या पट्ट्यातली ही जागा पाहताना मला ५८ व्या नियमाचीच आठवण होत होती. मैदानाच्या हक्काचं शेवटी पुलाच्या सावलीवर भागवावं लागलं.

मामा आता साइटवर येत नाहीत, गुडघे गेलेत. त्यांचा भाचा वेल्डिंग बघतो आणि हाताने चांगला आहे. सध्या कुर्ल्याला नाल्याकाठच्या एका अरुंद पट्ट्यावर काम चालू आहे. तिथे मुलींच्या कबड्डीसाठी १२ बाय ८ चं मैदान बसवलंय, कारण मागणी त्यांचीच होती आणि वस्तीच्या बैठकीत त्या मागणीवरून हटल्या नाहीत. पूर्व उपनगरातल्या त्या पुलाच्या कामाची रक्कम अजून यायची आहे आणि प्रकरण लवादापुढे आहे. तडजोडीचा निरोप दोनदा आला, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं, कारण त्यात डिझाइन आमचं होतं हे लिहून द्यायला ते तयार नाहीत.

आमच्याकडे काम द्यायचं असेल तर अटी सांगून ठेवते. चाळ कमिटी, महिला मंडळ, व्यायामशाळा किंवा पालिकेची शाळा असेल तर पहिली साइट व्हिजिट आणि लेव्हल फुकट, आणि पैसे टप्प्याटप्प्याने चालतात. मोठ्या ठेकेदाराचं काम असेल तर साठ टक्के आगाऊ, बोर्डावर आमचं नाव, आणि डीडब्ल्यूजी फाइल शेवटचा चेक वटल्यावर.