जिना किती रुंद आहे?

२००३ च्या ऑगस्टमध्ये मंगळ पृथ्वीच्या अगदी जवळ आला होता. मी तेव्हा भोसरीत लेथवर होतो. मित्राच्या सहा इंची, म्हणजे सहा इंच व्यासाच्या आरशाच्या, दुर्बिणीतून ती तांबूस थाळी आणि तिच्या कडेची बर्फाची पांढरी टोपी पाहिली आणि स्वतःच्या दुर्बिणीच्या आरशासाठी काच शोधत फिरायलाच लागलो. पहिला आरसा न्हाणीघरात घासला. काचेवर काच, मध्ये कार्बोरंडमची पूड, आणि वरून सौ.ची बोलणी.

तीन वर्षांनी दुर्बिणी बनवून विकायला धायरीत पत्र्याची शेड भाड्याने घेतली. आरसे माझ्याकडे, प्लायवूडची बैठक मेहुण्याकडे. तो सुतार, त्यामुळे डॉब्सोनियन प्रकारची दुर्बीण आम्हाला सोयीची. महागडे गिअर नाहीत, लाकडी बैठकीवर नळी ठेवायची आणि हाताने फिरवायची.

पहिलं मोठं गिऱ्हाईक शनिवार पेठेतल्या वाड्यातलं, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा. त्यांना हवी होती सहा इंची. मीच गळ घातली, "आजोबा, घ्यायचीच तर दहा इंची घ्या." ती पोचवायला गेलो तर लाकडी जिन्याच्या वळणावर नळी अडकली. मेहुणा खालून ओरडला, "दाजी, ही वळत नाही हो!" शेवटी दोर लावून गॅलरीतून वर ओढली. सहा महिन्यांनी आरसा पुसायला गेलो, तर बैठकीवर तुळशीची कुंडी आणि नळीवर चादर. गच्चीवर न्यायला रोज दोन माणसं कुठून आणणार? दहा इंची परत घेतली, सहा इंची दिली, फरकाचे पैसे मोजून दिले. सौ. अजून ऐकवते.

तेव्हापासून बजेटच्या आधी जिना विचारतो.

लोक मात्र विचारतात, "काका, किती पट मोठं दिसतं?" आमच्या सहा आणि आठ इंचीची फोकल लेंथ, म्हणजे आरशापासून प्रतिमा जिथे पडते तिथवरचं अंतर, एकच, १२०० मिलिमीटर. २५ मिलिमीटरची आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, लावली की दोन्हींत १२०० भागिले २५, ४८ पटच. फरक पडतो तो उजेडाचा. आठ इंची जवळजवळ पावणेदोन पट प्रकाश गोळा करते. पण कोथरूडच्या गच्चीवरून ती शहराचा उजेडही तेवढाच गोळा करते, म्हणून अंधुक दीर्घिका तिथे फारशा उजळत नाहीत. चंद्र, गुरूचे पट्टे, शनीची कडी यांना सहा इंची पुरते. सुट्टीला गाडीत घालून वेल्ह्याकडे, भोरकडे अंधारात जाणार असाल तर आठ इंची घ्या, पैसे वसूल होतील. आणि खोक्यावर '५२५ पट' छापलेली साठ मिलिमीटरची खेळणी घेऊ नका. तेवढ्या भिंगाला १२० पटीपुढे नुसतं धुकं दिसतं.

पावसाळ्यात धंदा थंड. तेव्हा गिऱ्हाइकांचे बुरशी धरलेले आरसे साफ करत बसतो.

आजोबांची दहा इंची विकली नाही. उन्हाळ्यात अमावस्येला मी आणि मेहुणा ती वेल्ह्याला नेतो. हर्क्युलिस तारकासमूहातला तारकागुच्छ तिच्यात मधोमधपर्यंत सुटा सुटा दिसतो. टेम्पो मात्र सांगावा लागतो.