तुम्ही विचारलंत म्हणून: अपग्रेडमध्ये वाय दाबू की एन?

आयटी पार्कातलं छोटं ऑफिस असो की कॉलेजातली लॅब, नागपुरात उबुंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर सांभाळणारा कुणीही भेटला की विचारतो: "अपग्रेड मधेच थांबतं, कॉन्फिग फाइल (प्रोग्रामच्या सेटिंगची फाइल) बदललेली आहे म्हणतं. वाय दाबू की एन?"

वाय म्हणजे पॅकेजची नवी फाइल घ्या, एन म्हणजे तुमची आहे ती ठेवा. पण आधी डी दाबा. जुन्या-नव्या फाइलमधला फरक समोर येतो. डीपीकेजी, म्हणजे उबुंटूत पॅकेजेस बसवणारा प्रोग्राम, प्रत्येक कॉन्फिग फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) जपून ठेवतो. फक्त तुम्ही बदल केला असेल तर तुमची फाइल राहते, फक्त पॅकेजने केला असेल तर नवी बसते, आणि दोन्हीकडून बदल झाला असेल तेव्हाच तो विचारतो. त्यामुळे हा प्रश्न वाचल्याशिवाय उडवून लावण्यातला नाही.

इंजिनएक्स या वेब सर्व्हरचंच घ्या. ग्राहकांना मोठ्या पीडीएफ चढवता याव्यात म्हणून तुम्ही मुख्य फाइलमध्ये अपलोडची मर्यादा २० एमबी केलेली असते. वाय दाबलं की ती ओळ गेली. मर्यादा परत मूळ १ एमबीवर येते आणि दुसऱ्या दिवशी ४१३ एररचे (फाइल फार मोठी) फोन सुरू होतात. घाबरू नका, तुमची फाइल शेजारीच डीपीकेजी-ओल्ड शेपटीने पडलेली असते. एन दाबलं तर नवी फाइल डीपीकेजी-डिस्ट नावाने राहते. पण एन म्हणजे अर्धंच काम. नव्या आवृत्तीने एखादा जुना पर्याय काढून टाकला असेल तर सर्व्हिस उठतच नाही. म्हणून अपग्रेडनंतर ईटीसीमध्ये (कॉन्फिग फाइलींचं फोल्डर) या दोन शेपट्या शोधा, हवं ते आपल्या फाइलीत घ्या, मग कॉन्फिग तपासणारी इंजिनएक्स -टी ही कमांड चालवा आणि नंतरच रीलोड करा.

त्याहून बरं म्हणजे मुख्य फाइलला हातच लावू नका. ती २० एमबीची ओळ कॉन्फ-डॉट-डी फोल्डरमध्ये वेगळ्या फाइलीत ठेवा आणि मुख्य फाइलीतून काढा. दोन्हीकडे राहिली तर "डुप्लिकेट" म्हणून तपासणीच अडते. मुख्य फाइल मूळ रूपात आली की पुढच्या वेळी प्रश्नच येत नाही.

अनअटेंडेड अपग्रेड (अपडेट आपोआप बसवणारा प्रोग्राम) लावून निश्चिंत असणाऱ्यांनी तर हे नक्की करावं. जिथे असा प्रश्न येणार असतो ते पॅकेज तो मुकाट्याने वगळतो, म्हणजे सुरक्षेचा पॅचही राहून जातो.

दुरून अपग्रेड करताना सर्व्हरवर टीमक्स (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) उघडूनच करा. प्रश्न समोर असताना तुमच्याकडची वीज किंवा नेट गेलं, तर परत जोडून तिथूनच पुढे जाता येतं. तरीही काम अर्धवट राहिलंच तर डीपीकेजी --कॉन्फिगर -ए ही कमांड चालवून ते पुरं करा.

एसएसएचमध्ये (दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याची सोय) अशा वेगळ्या फाइलींचा नियम मात्र निराळा आहे. तिथे फाइली नावाच्या क्रमाने वाचल्या जातात आणि एका पर्यायाची पहिली सापडलेली किंमत चालते. क्लाउड सर्व्हरवर बहुधा ५०-क्लाउड-इनिट नावाची फाइल आधीच असते. पासवर्ड लॉगिन बंद करणारी तुमची फाइल ९९ क्रमांकाने ठेवलीत तर ती हरते, १० ने ठेवा. एसएसएचडी -टी चालवून कॉन्फिग तपासा, सर्व्हिस रीलोड करा, आणि चालू लॉगिन बंद न करता दुसऱ्या टर्मिनलवरून आत जाता येतंय का ते पाहा.