उलटं ठेवलेलं पुस्तक

मंगळवार, रात्र

जेवणं आटोपल्यावर भांडी आवरत होते, तेव्हा मधल्या खोलीतून माझ्या लेकाचा आवाज आला. थांबत थांबत, एकेक अक्षर लावत. "को... कोल्... कोल्हा. कोल्हा म्हणाला." माझा हात तिथेच थांबला. 'ल्ह' त्याने स्वतःचं स्वतः सोडवलं होतं. गेले तीन आठवडे माझ्यासमोर तो 'कोलहा'च्या पुढे सरकलेला नाही.

आनंदाने दारात गेले, तर तो गप्प. पुस्तक उलटं करून मांडीवर ठेवलं. "झालं वाचून," म्हणाला. आई म्हणाल्या, "अगं, मला बारीक दिसत नाही ना, म्हणून तो सांगत होता." (त्यांच्या ऑपरेशनची तारीख पुन्हा पुढे गेली. त्यावर आज लिहीत नाही.)

उलटं ठेवलेलं ते पुस्तक काही केल्या डोळ्यांपुढून जात नाही.

एकोणीस वर्षं मी पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवते आहे. ग, म, भ, न शिकवले की पहिल्याच आठवड्यात मन, गगन, नमन असे खरे शब्द पोरांच्या हाती लागतात, आणि तेव्हाचे त्यांचे चेहरे बघायला मी अजूनही आसुसलेली असते. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची पण उच्चारायची नंतर, म्हणून 'दिवा' वाचताना मूल गडबडतं, हे मला ठाऊक आहे. चहातला च आणि चाकातला च लिहायला एक, बोलायला वेगळे. तिथे मूल अडलं तर रागवायचं नसतं, हेही ठाऊक आहे. वर्गात बत्तीस जण "बाई, मी वाचू? बाई, मी?" करत टेबलाभोवती गोळा होतात. दिवसभर बोलून घसा बसतो. आणि घरी आल्यावर माझ्याच लेकाने माझ्यापासून पुस्तक लपवावं. ह्यांना फोन करून सांगावंसं वाटलं, पण... जाऊ दे.

रविवारी मी मोबाईलवर मिनिट लावून त्याचं वाचन घेतलं होतं. 'निपुण भारत' या सरकारच्या वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीच्या मुलाने मिनिटाला 45 ते 60 शब्द, तेही समजून, वाचावेत असं म्हटलंय. त्याचे 28 झाले. वर्गातल्या नोंदी भरताना एकाही मुलाला मी त्याचा आकडा ऐकवत नाही. ह्याला ऐकवला. "म्हणजे किती कमी?" त्याने विचारलं. मी तेही सांगितलं. पालकसभेत मीच सांगत असते, घरी परीक्षा घेऊ नका, मुलाला जवळ घेऊन बसा. सतरा कमी, असं मी माझ्या सात वर्षांच्या मुलाला सांगितलं.

डी.एड.ला असताना आमची सहल डहाणूजवळच्या कोसबाडला गेली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं बालशिक्षणाचं काम तिथे पाहिलं. 1945 साली बोर्डीला त्यांनी सुरुवात केली. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळाच त्याच्या अंगणात न्यायची. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी थेट कुरणात शाळा भरवायची. परतताना गाडीत मी रडले होते, आपणही असंच काही करायचं म्हणून. मीही शाळा घरात आणलीच. पण गाणी, गोष्टी, पानं-फुलं वर्गातच राहिली आणि घरी आलं ते तपासणीचं रजिस्टर.

आई काय वेगळं करतात, याचा विचार करत बसले. त्या चुका काढत नाहीत, कारण त्यांना अक्षर दिसतच नाही. पण एवढंच नाही. त्या "मग?" असं विचारतात. "मग कोल्हा काय म्हणाला?" त्यांना खरंच ऐकायचं असतं आणि त्याने वाचल्याशिवाय ते कळणार नसतं. मी विचारते, "हे कोणतं अक्षर?" आणि ते मला माहीत आहे, हे त्यालाही माहीत असतं.

नंतर मी मेथीची जुडी घेऊन स्वयंपाकघरात, त्यांच्याकडे पाठ करून बसले. उद्याच्या डब्याची भाजी निवडायची होतीच. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा बारीक आवाज सुरू झाला. 'शेपूट'चं त्याने 'शेपट' केलं. ओठांपर्यंत आलेलं मी गिळलं, काडी हातात तशीच धरून बसले. आतून आई म्हणाल्या, "शेपट काय रे?" तो थांबला. परत लावून बघितलं असावं त्याने. "शेपूट गं आजी! काट्यात अडकलंय त्याचं."

"अगं बाई! मग?"

मग काय झालं ते मला नीट ऐकू आलं नाही, त्याने आवाज आणखी खाली नेला होता. शेपूट सुटलं की नाही ते उद्या त्याला विचारायचंय. रिक्षात, पुस्तक जवळ नसताना.