पुराच्या बोटीला रंग देताना

आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ वर गेली की धोका, हे आमच्याकडं शाळकरी पोरांनाही तोंडपाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्याही वर गेलं. आमचं गाव नदीकाठचं, सांगलीच्या वरच्या अंगाला. गावात ॲल्युमिनियमची एक बोट आहे, मागं इंजिन बसवता येईल अशी. पूर नसला की ती ट्रॅक्टरच्या शेडात पालथी पडलेली असते. यंदा उन्हाळ्यात तिला रंग द्यायचं ठरलं आणि काम माझ्या गळ्यात पडलं. कुपवाडच्या एमआयडीसीत माझी हयात फॅब्रिकेशनमध्ये गेली, एवढंच कारण. "तात्या, तुमच्याच हातचं काम हाय की ह्ये," म्हणून पोरं मोकळी झाली.

बोटीच्या तळाला ओरखडे किती असावेत, तर हाताचं बोट फिरवावं तिथं रेघ. पुरातली बोट नदीत कमी आणि शेतात जास्त चालते. खाली द्राक्षबागेचे अँगल आणि तारा असतात, काटेरी कुंपण असतं, कुणाच्या तरी कंपाउंडची भिंत असते. त्यात माणसं उतरवायला बोट देवळाच्या दगडी पायरीला घासून लावायची. पुढच्या भागात दोन-तीन ओरखडे इतके खोल होते की नख अडकायचं.

आधी कुणीतरी तिला रेड ऑक्साइड, म्हणजे लोखंडाचा तांबडा प्रायमर, आणि वर ऑइलपेंट दिला होता, घराच्या गेटला देतात तसा. पत्र्याच्या कडेला चाकूचं टोक घातलं तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा सगळा पापुद्रा सोलून आला. खाली पांढरी भुकटी. लोखंडाला गंज चढतो तो तांबडा दिसतो. ॲल्युमिनियमचा हा असा पांढरा. या धातूला हवा लागली की वर लगेच ऑक्साइडचा पातळ थर धरतो. तो थर पत्र्याचं रक्षण करतो, पण रंगाला नीट धरू देत नाही. लोखंडाचा प्रायमर इथं चालत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

खरं सांगायचं तर गोड्या पाण्यात या बोटीला रंगाची गरजच नव्हती. उघडा पत्रा वर्षानुवर्षं टिकतो. पण मातकट पाण्यात, झिमझिम पावसात चंदेरी बोट लांबून दिसत नाही. ती दिसावी म्हणून बाहेरून नारिंगी, आणि खोल ओरखड्यांत बारीक खड्डे पडायला लागले होते म्हणून खाली प्रायमर. आतून रंग नको असं मी पहिल्यांदाच सांगितलं. रंगवलेल्या तळावर चिखलाचे पाय घेऊन म्हातारी माणसं चढली की घसरतात.

रंगाआधी गळती बघितली. फॅब्रिकेशनवाल्यांची जुनी रीत आहे: बाहेरून चुना फासून वाळवायचा आणि आतून सांध्यांवर रॉकेल सोडायचं. जिथं फट असेल तिथं चुन्यावर डाग उमटतो. रॉकेल आता कुठं मिळतंय, डिझेलवर भागवलं. एका रिव्हेटभोवती डाग आला. तो रिव्हेट बदलून घेतला आणि मगच पुढं सरकलो.

जुना रंग काढायला कुणीतरी कॉस्टिक सोडा सुचवला. ते अजिबात करू नये. कॉस्टिक ॲल्युमिनियमलाच खातो, फेस येतो तो पत्रा विरघळल्याचा. आम्ही पेंट रिमूव्हर लावला आणि लाकडाच्या पट्टीनं खरवडलं. लोखंडी तारेचा ब्रशही लांब ठेवला. त्याचे कण पत्र्यात रुततात आणि पुढं तिथंच खड्डा पडतो. शेजारी एक जण ग्राइंडरवर लोखंडी पाइप कापत होता, त्यालाही तेवढे दिवस थांबवलं. ठिणग्या उडून ओल्या रंगात बसल्या की झालंच.

धुण्याचा क्रम लोक उलटा करतात. पॉलिश पेपर आधी मारला तर डिझेल, ग्रीस, हातांचं तेल सगळं ओरखड्यात दाबलं जातं. म्हणून आधी साबणाचं पाणी, मग थिनरचा फडका आणि लगेच मागून कोरडा फडका. एकाच फडक्यानं पुसत राहिलं तर तेल नुसतं इकडचं तिकडं होतं. पुसून झालं की पाणी मारायचं. पाणी थेंबाथेंबानं गोळा झालं तर तेलकटपणा शिल्लक आहे. सलग पसरून राहिलं तर पत्रा स्वच्छ. मागच्या बाजूला, इंजिन अडकवतात तिथं, थेंब काही केल्या जाईनात. तिथं फडक्यांचा ढीग लागला.

मग पेपर. खडबडीत भागाला ८० नंबरचा जाडा, बाकी सगळीकडं १२० चा बारीक. खोल ओरखड्यांच्या कडा उतरत्या करून घ्यायच्या, नाहीतर रंग त्या धारेवर पातळ बसतो आणि पहिल्यांदा तिथंच उडतो. पत्र्याची चकाकी जाऊन एकसारखा मंद करडा रंग दिसायला लागला की थांबायचं.

प्रायमर कोणता यावर थोडा वाद झाला. गाड्यांच्या कामातली पोरं वॉश प्रायमर म्हणत होती. तो आम्लाचा, पत्र्याला किंचित चावून धरतो, वाईट नाही. पण त्याच्यावर एपॉक्सी, म्हणजे हार्डनर कालवून लावायचा रंग, चढवायला बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात, आणि पाण्याखाली राहणाऱ्या तळाला मला एपॉक्सीच हवा होता. म्हणून सरळ घासलेल्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर. यात खरा खेळ वेळेचा आहे. पेपर मारून पत्रा रात्रभर ठेवला तर ऑक्साइड पुन्हा जाड होतो. आम्ही बोटीचे भाग पाडले: दोघं घासत पुढं जायचे, मी धूळ पुसून मागून रोलर फिरवायचो.

मे महिना. दुपारी पत्र्याला हात लागत नव्हता, म्हणून रंगाचं काम उजाडता-उजाडता सुरू करून ऊन चढायच्या आत संपवायचं. हार्डनर घातल्यावर सांगितलेला वेळ थांबायचं आणि मगच हात मारायचा. उन्हाळ्यात डब्यातला माल लवकर आळतो, त्यामुळं थोडा-थोडाच कालवायचा. दुसऱ्या हाताला डब्यावर लिहिलेल्या मुदतीपेक्षा उशीर झाला, तर आधी पुन्हा पेपर मारावा लागतो. खड्डे प्रायमरवर एपॉक्सी पुट्टीनं भरले. गाडीचं बॉडी फिलर पाणी पितं, ते तळाला नको. रत्नागिरीकडच्या पाहुण्यांनी तळाला शेवाळ न धरणारा तांब्याचा रंग सुचवला होता. लाकडी होडीला ठीक आहे, पण तांबं आणि ॲल्युमिनियम पाण्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम सडतं.

नारिंगी पीयूचा (पॉलियुरेथेन रंगाचा) पहिला हात ओला असतानाच लांब कुणीतरी पाचट पेटवलं. उसाची काळी राख अलगद तरंगत आली आणि बोटीवर उतरली. ओल्यावर बोट लावलं तर डाग पसरतो, म्हणून कुणालाही हात लावू दिला नाही. वाळल्यावर ४०० च्या पेपरनं पाणी मारत घासलं, मग दुसरा हात. त्या सकाळी आधी एका पोराला मोटारसायकलवर पाठवून कुणाचं रान पेटायचं आहे का ते विचारून घेतलं. पीयू स्प्रेनं मारला असता तर चकचकीत बसला असता. पण त्याच्या हार्डनरचा फवारा छातीत जाणं चांगलं नाही, आणि साधा कापडी मास्क त्याला काही अडवत नाही. रोलर आणि मागून हलका ब्रश, यावर माझं समाधान आहे. पुराच्या बोटीला कुठं लग्नात मिरवायचंय!

कड्या आणि हुक परत बसवताना स्टेनलेसचे बोल्ट, खाली नायलॉनचा वॉशर. लोखंडी बोल्टभोवतीच पहिला पांढरा फुगा आला होता.

शेवटी अक्षरं राहिली. गावाचं नाव टाकायला पेंटर आला, तेव्हा मी म्हटलं, आधी माणसांचा आकडा. २०१९ ला ब्रह्मनाळला पुरातून माणसं हलवताना बोट उलटली, ते इथं कुणी विसरलेलं नाही. बोटीच्या पट्टीवर क्षमता ८ कोरलेली आहे. एक जण म्हणाला, "तात्या, धा तर सहज बसत्यात." मी म्हटलं, इंजिन, डिझेलचा कॅन आणि बोट चालवणारा यांचं वजन कोण धरणार? बराच वेळ हुज्जत चालली. पेंटरनं दोन्ही बाजूंना, वीतभर उंचीच्या काळ्या अक्षरांत ६ लिहिलं.